खालची एक ओळ

“जिल्हा परिषद… प्राथमिक शाळा… गवळदांड. पट अकरा.” अंजनीनं पेपरावरचं बोट हलू दिलं नाही, फक्त मान वर केली. “आबा, आपल्या शाळंचं नाव पेपरात आलंय.”

“कशापायी?”

“थांबा की. वाचतीया न्हवं.”

ती चौथीत होती. पेपर वाचायची तिची एक पद्धत होती. मथळ्यापासून सुरुवात करायची आणि बातमी संपून खाली छापणाऱ्याचं नाव येईपर्यंत थांबायचं नाही. मधली एक ओळ सोड म्हटलं तर तिला राग यायचा. मी म्हणायचो, “अगं, खताची जाहिरात कशाला वाचतीस?” ती म्हणायची, “लिवलंय म्हणून.”

त्या दिवशीची बातमी एवढीच होती की तालुक्यातल्या कमी पटाच्या चौदा शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या, असं जिल्हा परिषदेच्या विचारात आहे, आणि त्या चौदांत आमची एक.

“मिळवायच्या म्हंजी?” अंजनीनं विचारलं.

“म्हंजी बंद करायच्या.”

“मग मी पाचवीला कुटं बसू?”

“हितंच बसशील. त्यांच्या बापाला बंद होत न्हाई,” मी म्हटलं. त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं.

अंजनी माझ्या पुतण्याची, जानूची पोरगी. जानू इचलकरंजीला मागावर होता, महिन्यातून एकदा यायचा. इकडे अंजनी, तिची आई बायजा आणि तीन म्हशी. आमचं अंगण एकच. माझी बायको वारल्यापासून माझं जेवणखाण बायजाच बघत होती आणि माझं वाचणं अंजनी. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोठी अक्षरं कशीबशी लागायची, बारीक अक्षरांचा नुसता चिखल दिसायचा. तालुक्याला सरकारी शिबिरात फुकट काढून देत होते. आमच्या धनगरवाड्यावरचे तिघे जाऊन आले, धडधाकट परत आले. मी गेलो नाही. सरकार फुकट देतंय म्हणजे त्यात काहीतरी पाणी मुरतंय, असं माझं मत होतं.

हे मत काही आभाळातून पडलं नव्हतं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. हाफ तिकिटासाठी मिसरूड फुटलेल्या पोराला अकरा वर्षांचं म्हणणारे आईबाप मी बघितलेत. माणूस तोंड उघडायच्या आधीच खोटं ओळखायची सवय लागली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. आणि आमच्या पंचायतीनं त्या सवयीला खतपाणीच घातलं. गवळदांडला पाण्याची टाकी बांधली, तिला पाइप जोडायचा राहिला. टाकीत पोरं लपाछपी खेळायची. शाळेला कॉम्प्युटर आला, तेव्हा वाड्यावर वीजच नव्हती. आणि सगळ्यात मोठा दणका बसला तो सह्यांचा. कातळोली हे खालचं मोठं गाव आणि आमच्यासारखे तीन धनगरवाडे मिळून आमची एकच पंचायत. एका ग्रामसभेत हजेरी म्हणून आमच्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. वर कागद कोरा होता. चार महिन्यांनी कळलं, त्या सह्यांच्या वर ठराव लिहिला होता की आमच्या वाड्याचा मंजूर झालेला हातपंप कातळोलीत बसवायला आमची हरकत नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगत आलो होतो. सभेला जायचं नाही, सही करायची नाही. आणि वाड्यावरची माणसं माझं ऐकायची. त्यांच्यात पँट घालून नोकरी केलेला मीच पहिला.

बातमी आल्यावर तिसऱ्या दिवशी मगदूम गुरुजी घरी आले. एकशिक्षकी शाळा आमची. गुरुजी रोज कातळोलीहून पाच किलोमीटर रान तुडवत वर यायचे, पावसाळ्यात जळवा लागू नयेत म्हणून पायाला मीठ चोळून. भला माणूस. पण मला त्यांचाही संशय होता. शाळा बंद झाली तर यांची बदली सडकेवरच्या शाळेत होणार; यांना काय वाईट वाटणार?

“आबा, येत्या शुक्रवारी अकराला ग्रामसभा आहे,” गुरुजी म्हणाले. “शाळेबद्दल ग्रामसभेचं मत मागवलंय वरून. विषयपत्रिकेत चौथा विषय. वाड्यावरच्या सगळ्यांनी या. बायकांनी पण.”

“आणि सह्या करा.”

“सही करायच्या आधी ठराव लिहून घ्या. मी स्वतः तिथं असणार आहे. हरकत नोंदवा. लिहून दिलेली हरकत त्यांना डावलता येत नाही.”

“गुरुजी, हातपंपाच्या येळंलाबी तुमी हुतासा तितं.”

 गुरुजी होते खरे, त्यांना काही करता आलं नव्हतं. ते म्हणाले, “कातळोलीच्या शाळेचा पट एकोणीसवर आलाय. वीसच्या खाली गेलाय, म्हणजे तिथला दुसरा शिक्षक जाणार. आपली अकरा पोरं त्यांना पाहिजेतच. म्हणून सांगतोय, घरी बसू नका.”

बायजा दारामागून सगळं ऐकत होती. गुरुजी उठून गेल्यावर पदर सारखा करत बाहेर आली.

“मामंजी, मी बोलू का सभंत?”

मला हसू आलं. ही बाई दूधवाल्याशीसुद्धा मान खाली घालून बोलायची.

“काय बोलशील?”

ती खांबाला हात लावून उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागली. “म्हनीन, ह्या शाळंचं दगड आमी डोक्यावरनं वाहिल्यात. मी सा म्हयन्याची पोटुशी हुती, तवा वाहिल्यात. तीच पोरगी आज चवथीत हाय. वाटंत गवं हायती, वढा हाय. येवढी येवढी पोरं पाच किलोमीटर कशी जातील? मोटी मानसं जाऊन बगा म्हनीन. सायब असू दे न्हाईतर सरपंच असू दे, मी म्हनीन.”

तिचा आवाज कापत होता, पण एकही शब्द अडला नाही. हे ती म्हशींना सांगत बसली असणार किती दिवस. अंजनी आईकडे तोंड उघडं टाकून बघत होती.

मी म्हटलं, “ब्येस बोललीस. पर जायचं न्हाई.”

“का?”

“ग्रामसभंला शंभर डोकी लागत्यात. गणपूर्ती म्हनत्यात तिला. कातळोलीतनं चाळीस-पन्नासच्या वर मानूस येत न्हाई, सुगीचं दीस. आपुन साठ जण गेलो की त्यांची गणपूर्ती झाली. सभा झाली की ठराव झाला. आपुन न्हाई गेलो की सभाच न्हाई. सभा न्हाई तर ठराव कुटनं?”

“पर गुरुजी म्हनत्यात…”

“गुरुजीस्नी बदली पायजे. तू गेलीस की एक डोकं वाढतंय बायजा. येवढं ध्यानात ठेव.”

 सासऱ्याच्या जागी मी. तिनं मान हलवली आणि चुलीकडे गेली.

त्या शुक्रवारी वाड्यावरचं एकही माणूस सभेला गेलं नाही. मी मात्र गेलो. सभेला नाही, पंचायतीच्या समोर भैरूचं हॉटेल होतं, तिथं बाकड्यावर जाऊन बसलो. अंजनीला बरोबर घेतलं होतं. गुरुजी सभेसाठी खालीच थांबल्यामुळे शाळेला सुट्टीच होती, आणि काही वाचायची वेळ आली तर पोरगी जवळ असावी म्हणून.

डोळे अधू असले तरी डोकी मोजायची कंडक्टरची सवय कुठं जाते? आत जाणारा एकेक धूसर माणूस मी मोजत होतो. अंजनी शेजारी बसून तीच मोजणी बोटांवर करत होती. बारा वाजेपर्यंत आमची दोघांची बेरीज जुळली. त्रेचाळीस. साडेबाराला माणसं बाहेर पडायला लागली. कुणीतरी भैरूला सांगितलं, “तहकूब झाली सभा. गणपूर्तीच न्हाई.”

मला आत कुठंतरी उकळी फुटली. एकतीस वर्षांत एकदा तालुक्याच्या साहेबाला विदाउट तिकीट पकडला होता, तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

थोड्या वेळानं ग्रामसेवक गुरव बाहेर आले. हातात खळ लावलेला एक कागद. तो त्यांनी फळ्यावर चिकटवला आणि मला बघून रस्ता ओलांडून आले.

“आबा, तुम्ही इथं बसलात, आत का आला नाहीत?”

“आत गर्दी लई झाली म्हनून, भाऊसाहेब.”

भैरू हसला. गुरव हसले नाहीत. त्यांनी मागे वळून पंचायतीच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “पुढच्या शुक्रवारी पुन्हा सभा आहे. त्या सभेला मात्र या. वाड्यावरची सगळी माणसं घेऊन या. माझं ऐका.”

“डोकी कमी पडल्यात व्हय?”

“तसं नाही आबा. तुम्ही तो कागद तरी नीट वाचा…”

तेवढ्यात आतून सरपंच हिंदुरावांची हाक आली आणि गुरव घाईनं गेले. मी भैरूकडे बघून डोळे मिचकावले. “बगितलंस? कालपतुर आमास्नी कोन इचारत न्हवतं, आज सायब रस्ता वलांडून आवतान द्याला येतुया. आमच्याबिगार गाडी हलंना झालीया त्यांची.”

भैरूच्या हॉटेलातली चार माणसं माझ्या मागोमाग फळ्यापाशी आली. कंडक्टर काय करतोय बघू, म्हणून. मी अंजनीला पुढे केलं.

“वाच.”

ती चवड्यांवर उभी राहिली. कागदावर बोट ठेवून तिनं सुरुवात केली, पेपर वाचायची तसंच, पहिल्या अक्षरापासून. “कार्यालय, ग्रामपंचायत कातळोली. जाहीर नोटीस. सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की… आज रोजीची ग्रामसभा… गणपूर्तीअभावी तहकूब करण्यात आली आहे. सदर तहकूब सभा… पुढील शुक्रवारी… सकाळी अकरा वाजता… त्याच ठिकाणी… त्याच विषयांसाठी…”

“पुरं,” मी म्हटलं.

“आबा, अजून एक ओळ हाय खाली.”

“असू दे.”

“बारीक हाय, पर येतंय मला.”

“पुरं म्हटलं न्हवं?”

आणि मी हात घालून तो कागद टरकन फाडून घेतला. खळ ओली होती, अख्खा निघाला. चारचौघांकडे बघत त्याची घडी केली आणि म्हटलं, “तमाखूला कागद न्हवता, बरं झालं.” सगळे हसले. मी खरंच त्यात तंबाखूची पुडी बांधली आणि कोपरीच्या खिशात टाकली.

अंजनीचं तोंड उतरलं होतं. अर्धवट वाचलेलं तिला सोसत नसे. म्हणून मी भैरूकडून तिला गोडी शेव घेऊन दिली, मोठा पुडा. रान चढेपर्यंत ती एकेक शेव चोखत चालली होती आणि मी वाटेत भेटेल त्याला सांगत होतो की आपण जिंकलो.

घरी आलो तर बायजा उंबऱ्यावर बसलेली. अंगावर जानूनं दिवाळीला आणलेली साडी. केस चापूनचोपून बसवलेले.

“कुटं निगालीस?”

“कुटंच न्हाई. म्हटलं, तुमी बोलावणं धाडलं तर…”

“आता काय गरज न्हाई. सभा मोडली.”

“म्हंजी शाळा ऱ्हायली?”

“ऱ्हायली.”

ती इतकं छान हसली की मला माझाच अभिमान वाटला. ते हसू आठवलं की अजून जेवण जात नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी तिनं पुन्हा विचारलं, “मामंजी, आज तरी जाऊ का? भाऊसाहेबबी म्हनलं हुतं म्हनं.” अंजनीनं सांगितलं असणार. मी तिच्यावर खेकसलो. एकदा मोडली तशी परत मोडेल, म्हटलं. सगळा वाडा गवत कापायला गेला. मी अंगणात घोंगडं टाकून दुपारभर गाढ झोपलो.

दीड महिन्यानं गुरुजी आले ते बसले नाहीत. उन्हाचे चालत आलेले, तसेच अंगणात उभे राहिले. हातात जिल्हा परिषदेचा आदेश होता. जूनपासून गवळदांडची शाळा बंद, पोरं कातळोलीत.

“बंद कशी?” मी म्हटलं. “ठराव कुटं झालाय?”

“झाला. तहकूब सभेत.”

“किती मानसं हुती?”

“सात.”

मी मोठ्यानं हसलो. “सात मानसांत ठराव? गुरुजी, ह्यो टिकतच न्हाई. म्या वर जातो, तक्रार करतो. शंभर डोकी पायजेत, कायदा हाय.”

“आबा,” गुरुजी म्हणाले, “तहकूब सभेला डोकी लागत नाहीत. एकदा गणपूर्तीअभावी सभा मोडली, की पुढच्या सभेला कितीही माणसं चालतात. तो पण कायदाच आहे.” मग ते म्हणाले, “मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. नोटिशीवर लिहिलं होतं की. त्या शुक्रवारी मला तालुक्याला मीटिंग लावली, नाहीतर मी एकटा तरी बोललो असतो.”

बायजा दारात उभी होती. अंजनी पायरीवर.

माझा हात कोपरीच्या खिशात गेला. पुडी केव्हाच संपली होती, पण कागद होता. तंबाखूनं पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला. मी तो उलगडला आणि डोळ्यांजवळ नेला. वरची मोठी अक्षरं हलत होती. खाली नुसता चिखल. मला तो गुरुजींच्या हातात देता आला असता. पण सवयीनं मी तो अंजनीपुढे धरला.

तिनं बोट ठेवलं. या वेळी तिनं सुरुवातीपासून वाचलं नाही. जिथं थांबवलं होतं बरोबर तिथून वाचलं.

“टीप. तहकूब सभेस… गणपूर्तीची आवश्यकता… राहणार नाही.”

एकही अक्षर अडलं नाही. अवघड शब्द नीट आला म्हणून तिचं तिलाच बरं वाटलं असावं. तिनं विचारलं, “आबा, आवश्यकता राहणार नाही म्हंजी काय?”

मी कागद घडी करून परत खिशात घातला. गुरुजी दुसरीकडे बघायला लागले. बायजानं माझ्याकडे एकदा बघितलं. तिनं शिव्या दिल्या असत्या, डोकं आपटून घेतलं असतं तरी चाललं असतं मला. ती म्हणाली, “म्हशीची येळ झाली,” आणि चरवी घेऊन गोठ्यात गेली. रोजच्यापेक्षा फार वेळ आत राहिली.

मी जिल्हा परिषदेत गेलो. चार वेळा गेलो. साहेबांनी फाइल काढून दाखवली. बरोबर नेलेल्या माणसानं मला ठराव वाचून दाखवला. सूचक, अनुमोदक, सगळं जागच्या जागी. शेवटी लिहिलं होतं, गवळदांड येथील एकही ग्रामस्थ हरकत घेण्यास दोन्ही सभांना उपस्थित राहिला नाही, सबब ठराव सर्वानुमते मंजूर. “यात खोटं काय आहे ते दाखवा,” साहेब म्हणाले. काहीच खोटं नव्हतं. माझ्या उभ्या आयुष्यात सरकारचा इतका खरा कागद मी ऐकला नव्हता.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. पोरांना गाडी देऊ म्हणाले होते, गाडी आली नाही. तिची मला अपेक्षाही नव्हती. पोरं चालत जायला लागली. अंजनी नऊ दिवस गेली. दहाव्या दिवशी ओढ्याच्या अलीकडे वाटेत गव्यांचा कळप उभा होता. पोरं पांगली. अंजनी घसरून ओढ्यात पडली, दप्तर वाहून गेलं. ती दुपारी एकटी, चिखलानं माखून घरी आली. बायजानं तिला न्हाऊ घातलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात म्हशींची काठी दिली.

“चार दीस जाऊ देत, मी सोडायला जातो तिला,” मी म्हटलं.

“तुमास्नी वाट दिसती का मामंजी?” बायजा म्हणाली. टोचून नाही, साधंच विचारलं. मला वाट दिसत नव्हती.

पोरांतले तिघे आश्रमशाळेत गेले. पोरी घरी राहिल्या. अंजनी सुरुवातीला संध्याकाळी पेपर वाचायला यायची, मग दमून यायची, मग यायची बंद झाली. मी पेपर बंद केला. दिवाळीनंतर सरकारी शिबिरात जाऊन मी दोन्ही डोळे करून घेतले. पंधरा मिनिटं लागली एकेकाला. काहीच पाणी मुरत नव्हतं. पट्टी सोडली तेव्हा भिंतीवरची बारीकातली बारीक अक्षरं दिसली आणि मी तिथं बाकावर बसून रडलो. नर्सला वाटलं, आनंदानं.

सतराव्या वर्षी अंजनीचं लग्न झालं. घाटापलीकडच्या वाड्यावर दिली. बायजानं मला कधीही, एका शब्दानंही, काही म्हटलं नाही. मरेपर्यंत माझं ताट वाढलं. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

आता सोळा वर्षांनंतर, गेल्या माघात अंजनी माहेरी आली होती. बरोबर तिची पोरगी, सहा वर्षांची, पहिलीत जाणारी. दुपारी माझ्यापाशी येऊन बसली आणि कमरेच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला.

“आबा, येवढं वाचून दावा. आमच्या वाड्यावरबी शाळंचं काय तरी काढलंय. सभा हाय म्हनत्यात. मालकास्नी इचारलं तर म्हनलं, तुला काय करायचंय.”

“तूच वाच की.”

ती लाजल्यासारखी हसली. “सुटलं आता. अक्षरं वळकू येत्यात, जुळत न्हाईत.”

मी चष्मा लावला. कागदावर बोट ठेवलं आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला लागलो. कार्यालय, जाहीर नोटीस, तारीख, वेळ, विषय. ती पोरीला मांडीवर घेऊन मन लावून ऐकत होती. विषय संपले तिथं मी थांबलो.

“झालं?” तिनं वाकून बघितलं. “खाली आनिक काय तरी बारीक हाय की.”

“हाय.”

“वाचा मग.”

मी वाचलं. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.

“म्हंजी काय, आबा?”

या वेळी मी सांगितलं. सगळं, नीट, दोनदा. पहिल्या सभेला जायचं, ती मोडली तर दुसरीला तर मेलं तरी जायचं. हरकत लिहून द्यायची, तिची पोच घ्यायची. सही करायच्या आधी वरचं सगळं कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. ती मान हलवत होती. “जाती मी,” म्हणाली. “मालक काय बी म्हनू दे. बोलती बी.” बोलताना तिनं हात खांबाला लावला होता, अगदी बायजासारखा.

मग मला राहवलं नाही. सोळा वर्षं छातीत धरलेलं मी बोलून टाकलं. “अंजने, त्या दिशी पंचायतीफुडं मी तुला पुरं वाचू दिलं न्हाई. हीच ओळ हुती ती. तू वाचत हुतीस आन् मी कागद फाडला. माझ्यापायी तुजी शाळा गेली, पोरी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. आठवायचा प्रयत्न करत होती, ते मला दिसत होतं.

“कवा वो?” ती म्हणाली. “माझ्या न्हाई ध्यानात.” मग तिचा चेहरा एकदम खुलला. “व्हय व्हय, कातळोलीला न्हेलतं तुमी मला. गोडी शेव घिऊन दिलीसा, ह्यो येवढा पुडा. वर येस्तवर पुरली.” आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवत तिला म्हणाली, “ह्या आबांनी लई लाड केल्यात गं माजं.”